साडेसतराशे रुपयांचा कागद



या खेपेस एका अवजाराविषयी लिहायचे आहे, आणि ते अवजार कसे आहे हे मात्र लिहायचे नाही.

आमच्याच वस्तीत एक भाऊ राहतात. खामगावच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली त्यांची वीस वर्षे गेली. आता वेल्डिंगच्या दुकानात रोजाने जातात. कापसाच्या कामातले एक कष्ट निम्मे होईल असे अवजार त्यांनी भंगारातून सामान जमवून तयार केले. एवढेच सांगतो. फोटो छापणार नाही, नाव छापणार नाही. संपादकांनी फोटो मागितला होता, त्यांनाही आम्ही हात जोडले.

याला कारण आमची एक जुनी चूक आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातील एका तरुणाने असेच काही केले होते. आम्हाला कोण आनंद झाला! आपल्या पोराने यंत्र केले म्हणून आम्ही स्वतः बातमी लिहिली, फोटो काढून आणला, कोणता भाग काय काम करतो ते फोड करून सांगितले. एका दैनिकाने ती छापली. पुढे सत्कार झाला, शाल, श्रीफळ, टाळ्या. सहा महिन्यांनी तो पेटंटची चौकशी करायला एका जाणकाराकडे गेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ही वस्तू आधी कुठे प्रसिद्ध झाली आहे काय? त्याने मोठ्या अभिमानाने आमचे कात्रण पुढे केले. तिथेच प्रकरण संपले. तो तरुण आजही भेटला की हसून जयभीम घालतो. त्याने कधी बोल लावला नाही, पण ते कात्रण आमच्या फायलीत आहे आणि ती फाईल उघडायला आम्हाला बरे वाटत नाही.

पेटंट, म्हणजे सरकारी मराठीत एकस्व, हे नव्या वस्तूला मिळते. नवी म्हणजे अर्ज दाखल होण्याच्या दिवसापर्यंत जगात कुठेही छापली न गेलेली, लोकांत उघडपणे वापरली न गेलेली. तुम्हीच छापली, तुम्हीच यात्रेत मांडली, तुम्हीच मोबाईलवर तिची चित्रफीत टाकली, तरी बहुतेक वेळा ती जुनीच धरली जाते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडली असेल तर बारा महिन्यांची सूट आहे, पण तालुक्याचा कृषी मेळावा म्हणजे असे प्रदर्शन नव्हे. ज्यांची चाचणी लोकांसमोरच घ्यावी लागते अशा वस्तूंसाठीही कायद्यात थोडी जागा ठेवली आहे. परंतु गरिबाने सूट शोधत बसू नये. आधी अर्ज, मग टाळ्या.

हे भाऊ आमच्याकडे आले ते हातात स्टॅम्प पेपर घेऊन. त्यावर नोटरी करून लिहिले होते की, सदर यंत्र मीच बनविले असून माझ्याशिवाय कोणी बनवू नये. खर्च झालेला होता. त्यांना वाटले, झाले काम. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर लोकांचा फार विश्वास. दुसरी एक समजूत अशी की वस्तूचा नकाशा स्वतःच्याच नावाने रजिस्टर पोस्टाने पाठवावा आणि पाकीट न फोडता ठेवून द्यावे. यापैकी कशानेही दुसऱ्याला ती वस्तू बनविण्यापासून अडविता येत नाही. हक्क मिळतो तो पेटंट कार्यालयाने दिलेल्या पेटंटने, आणि रांगेतला नंबर लागतो तो अर्जाच्या तारखेने.

आम्ही हे सांगितले तेव्हा भाऊ म्हणाले, “बाबूजी, आपल्याले कोन देते पेटंट? ते कंपनीवाल्याचं काम.”

यावर आम्ही त्यांना दादाजींची गोष्ट सांगितली. वाचकांपैकी पुष्कळांना ती ठाऊक असेल, पण ती पुन्हा सांगण्यासारखी आहे.

दादाजी रामाजी खोब्रागडे, गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. मराठवाड्यातले नांदेड नव्हे, हे धानपट्ट्यातले लहान गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांनी पटेल-३ जातीचे धान लावले होते. त्या बांधीत काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर सगळे एकत्र कापून मळून टाकले असते. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. असे वर्षानुवर्षे चालले. दाणा बारीक निघाला, भात चवीला चांगला आणि उत्पन्नही भरपूर. व्यापाऱ्याकडे माल गेला तेव्हा त्याला नावही नव्हते. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची मोठी चलती होती, तेच नाव धानाला पडले. आज विदर्भातल्या किराणा दुकानात तुम्ही एचएमटी तांदूळ मागता तो हा.

१९९४ साली पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्रातून कोणी आले आणि प्रयोगासाठी म्हणून पाच किलो बियाणे घेऊन गेले. १९९८ साली ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण जाहीर झाला. शास्त्रज्ञांनी त्यावर शुद्धीकरणाचे काम केले असेल, ते आम्ही नाकारत नाही. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षे लोंबी-लोंबी निवडली त्याचे नाव त्या नावात कुठे आहे? दादाजींच्या हाती काही कागद नव्हता. खरे म्हणजे तेव्हा अशा कागदाची सोयही नव्हती, कारण बियाण्याला आपल्या देशात पेटंट मिळत नाही, आणि शेतकऱ्याने तयार केलेल्या वाणाची नोंद करण्याचा कायदा झाला तो २००१ साली.

पुढे २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, तो राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान या संस्थेतर्फे. इंग्रजीत तिला नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन म्हणतात. याच संस्थेच्या मदतीने एचएमटी वाणाची नोंद नव्या कायद्याखाली दादाजींच्या नावे झाली. त्यांनी आणखीही वाण काढले. त्यातल्या एकाचे नाव डीआरके, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. पहिल्या वाणावर घड्याळाच्या कंपनीचे नाव पडले, या वाणावर स्वतःचे लावले! ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. शेवटची वर्षे आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग खर्च किती येते ते सांगा.”

आम्ही बी.कॉम. असल्याने हा प्रश्न आमच्या आवडीचा. पेटंटच्या अर्जाची सरकारी फी व्यक्तीसाठी वेगळी आणि कंपनीसाठी वेगळी असते. व्यक्तीने स्वतःच्या नावे संगणकावरून अर्ज केला तर १६०० रुपये, कागदावर करून टपालाने पाठविला तर १७५० रुपये. यात दोन टप्पे करता येतात. वस्तू पूर्ण सुधारलेली नसली, पक्के नकाशे नसले, तरी कच्चे वर्णन देऊन नंबर लावता येतो. याला प्रोव्हिजनल म्हणतात. फी तीच. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पक्के वर्णन, नकाशे आणि दावे द्यावे लागतात. तीस पाने आणि दहा दाव्यांच्या आत बसविले तर त्याला पुन्हा फी नाही. बारा महिन्यांत दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरतात. पण कच्चे वर्णन सरकार प्रसिद्ध करीत नाही. म्हणून तुम्ही स्वतः बोभाटा केला नसेल तर दुसऱ्यांदा अर्ज करायला वाट मोकळी राहते. मात्र तारीख नवी धरली जाते.

त्यानंतर तपासणीची मागणी, तिला संगणकावरून ४००० आणि कागदावर ४४०० रुपये. ती वेगळी करावी लागते, आपोआप होत नाही. अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायची. पूर्वी ४८ महिने होते, मार्च २०२४ मध्ये नियम बदलला. जुनी पुस्तके वाचून कोणी ४८ धरून बसू नये. म्हणजे कागदावरचा सगळा हिशेब ६१५० रुपये, आणि तोही एकदम नव्हे. आज साडेसतराशे, बाकीचे पुढे.

पेटंट मिळाल्यावर ते जिवंत ठेवायला वर्षाची फी असते. तिसऱ्या ते सहाव्या वर्षाला ८०० रुपये प्रत्येकी, सातव्या ते दहाव्याला २४००, अकराव्या ते पंधराव्याला ४८०० आणि शेवटच्या पाच वर्षांना ८०००. पूर्ण वीस वर्षांची बेरीज ७६,८०० होते. आकडा पाहून भाऊंच्या घरच्यांनी पदर तोंडाला लावला. परंतु यात खुबी अशी आहे की वस्तू कमवीत असेल तरच पुढची फी भरायची. नसेल कमवीत तर सोडून द्यावी, कोणी वसुलीला येत नाही.

आता मदत कोठे मिळते ते सांगतो. कारण फी हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग तो अर्ज लिहून देणाऱ्याचा. एका मोठ्या शहरातील सल्लागाराने भाऊंना फोनवर ३५,००० सांगितले होते, त्यात १०,००० आगाऊ, आणि ‘पेटंट मिळवून देण्याची हमी’. अशी हमी जो देतो त्याच्याकडे जाऊच नये. पेटंट द्यायचे की नाही हे पेटंट कार्यालय ठरविते, दलाल नव्हे.

पहिली गोष्ट, वकील किंवा एजंट लावलाच पाहिजे असा कायदा नाही. अर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातात, अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात. भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठी चालत नाही, हे आम्हाला खटकते. मात्र हिंदी चालते हे फार थोड्यांना माहीत आहे, आणि आपल्या लोकांना इंग्रजीपेक्षा हिंदी केव्हाही सोपी. कोणी म्हणेल तुम्हीच एजंट होऊन जा की! तर त्याची परीक्षा असते आणि तिला शास्त्र, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. आमच्या बी.कॉम.ला तिथे दार बंद आहे. शेजाऱ्याचा फॉर्म भरताना जवळ बसायला मात्र कोणाची बंदी नाही.

दुसरी गोष्ट, ज्या संस्थेने दादाजींना मदत केली ती राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान. ही २००० साली सुरू झाली, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाशी संलग्न आहे आणि गुजरातेत गांधीनगरजवळ अमरापूर येथे तिचे कार्यालय आहे. ज्यांनी कॉलेजच्या किंवा कंपनीच्या मदतीशिवाय स्वतःच्या डोक्याने काही केले, अशा शेतकरी, कारागीर, मजूर यांच्यासाठी ती आहे. वस्तू खरोखर नवी आहे काय ते तपासून, योग्य वाटल्यास, त्याच माणसाच्या नावे पेटंटचा अर्ज करण्याचे काम ती करते आणि त्याचे पैसे घेत नाही. भाऊंचे कागद आम्ही तिकडे मराठीतच लिहून पाठविले आहेत, त्यांची पडताळणी चालू आहे.

अशी मदत मिळाल्यावर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या कापसाचेच आहे. गुजरातेत कोरडवाहू कपाशीची एक जात आहे, तिची बोंडे पूर्ण उघडत नाहीत. बायका-मुले घरी बसून ती हाताने सोलायची. मनसुखभाई पटेल यांनी ती सोलण्याचे यंत्र केले. गुजरातच्या ‘ज्ञान’ या साहाय्य संस्थेने पाठबळ दिले आणि २००३ साली त्या यंत्राला अमेरिकेचे पेटंट मिळाले. आपल्या खामगावात कापसासाठी जलंबहून आगगाडीचा फाटा आला तो १८७० साली. दीडशे वर्षे इथे जिन फिरत आहेत. त्या जिनांच्या खाली-वर करणाऱ्या आपल्या लोकांनी कितीतरी लहानमोठ्या युक्त्या काढल्या असतील. कोणी लिहून ठेवल्या?

तिसरी गोष्ट, जी आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला, बालकाला, अपंगाला आणि औद्योगिक कामगाराला विनामूल्य कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीच्या यादीचा आदेश १९९० साली दुरुस्त झाला आणि बौद्धांनाही तो लागू झाला, हे आपल्याला ठाऊकच आहे. लोकांची समजूत अशी की ही मदत फक्त कोर्टातल्या खटल्यापुरती. तसे नाही. त्याच कायद्यात मदतीची व्याख्या दिली आहे. कोर्टापुढील काम, दुसऱ्या कोणत्याही प्राधिकरणापुढील काम आणि कायद्याच्या कोणत्याही बाबीवर सल्ला, असे तीनही तीत येते. तालुक्याला विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असते, आणि १५१०० हा फुकट फोन आहे.

आम्ही भाऊंना घेऊन गेलो. पॅनेलवरील वकीलसाहेबांनी सुरुवातीलाच स्वच्छ सांगितले की पेटंटचे दावे लिहिणे हा माझा विषय नाही. हे प्रामाणिकपणाचे बोलणे आम्हाला आवडले. पण त्यांनी दुसरेच एक मोलाचे काम केले. एका दुकानदाराने भाऊंना करारनामा दिला होता. भांडवल मी लावतो, यंत्रे मी विकतो, तुम्हाला नगामागे इतके. भाऊ सही करायच्या बेतात होते. वकीलसाहेबांनी तो वाचला आणि नवव्या कलमावर बोट ठेवले. यंत्रावरील सर्व हक्क, त्यातील पुढील सर्व सुधारणांसह, दुकानदाराच्या मालकीचे राहतील. नगामागचे पैसे किती दिवस मिळतील, याचा कुठे उल्लेख नव्हता. करारनामा तसाच परत गेला.

म्हणून फॉर्म १ भरताना दोन रकाने नीट पाहावेत. एक अर्जदाराचा आणि एक शोध लावणाऱ्याचा. मालकी अर्जदाराची. शोधकाच्या रकान्यात तुमचे नाव आणि अर्जदाराच्या रकान्यात मालकाचे, कॉलेजचे किंवा संस्थेचे, असे झाले तर शोध तुमचा आणि मिळकत त्यांची. नकाशे काढायला, मोजमाप घ्यायला अभियांत्रिकी कॉलेजच्या प्राध्यापकांची मदत जरूर घ्यावी. शेगावला जवळच कॉलेज आहे, आपलीही मुले तिथे शिकतात. मात्र वस्तू दाखविण्याआधी ‘ही माहिती गुप्त ठेवू’ असे दोन ओळींत लिहून सही घ्यावी. यात संकोच करू नये. चांगला माणूस रागावत नाही.

हा रकान्याचा विषय निघाला तेव्हा भाऊंच्या घरात थोडी खडाजंगी झाली, तीही सांगितली पाहिजे. त्यांची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंत्र पहिल्यांदा अडकत होते. ते का अडकते हे तिने दोन रविवार बसून शोधले आणि एक भाग उलटा बसवायला लावला. तेव्हापासून ते चालते. आम्ही विचारले, मग तिचे नाव शोधकात नको काय? भाऊ म्हणाले, “पोरीचं नाव कायले? उद्या लगन होऊन जाईन.” मुलगी खाली मान घालून म्हणाली, “काका, राहू द्या.” तेव्हा तिची आई मध्ये पडली. ती म्हणाली, लग्न झाल्यावर पोरीचं डोकं काय इथंच ठिवून घेता? आमचे काम तिने सोपे केले. जिने खरोखर भर घातली तिचे नाव लिहिणे ही मेहेरबानी नाही, कायदाच खरा शोधक कोण असे विचारतो. आणि त्यात एक व्यवहारही आहे. अर्जदारांत एक जरी स्त्री असली तर २०१९ पासून जलद तपासणी मागता येते. तिची फी साध्या तपासणीच्या दुप्पट, संगणकावरून ८०००, पण वर्षे वाचतात. मात्र केवळ यासाठी घरातल्या बाईचे खोटे नाव घालू नये. शेवटी दोघांचीही नावे दोन्ही रकान्यांत गेली, वडिलांचे आणि मुलीचे.

कच्चे वर्णन तिनेच हिंदीत लिहिले. वस्तू कशासाठी, आतापर्यंत लोक काय करीत होते, त्यात अडचण काय, आपण काय वेगळे केले. वहीच्या सात पानांचे टाईप होऊन चार झाले. त्याआधी तिने मोबाईलवर जुनी पेटंटे शोधली. पेटंट खात्याची ही यादी कोणालाही फुकट पाहता येते. तीत एक-दोन जवळची यंत्रे सापडली, त्यामुळे आपले वेगळे कुठे आहे ते तिला नेमके लिहिता आले. साडेसतराशेचा ड्राफ्ट काढला, त्यातले हजार आईने बचत गटातून उचलले. ड्राफ्टचे कमिशन, टायपिंग, झेरॉक्स आणि स्पीड पोस्ट धरून दोन हजारांच्या आत काम झाले. गेल्या ऑगस्टात अर्जाचा नंबर आला. भाऊंनी तो कागद बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावला आहे.

इतर काही वाटा थोडक्यात. नागपूरला पेटंट खात्याचीच राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिचे मुख्य काम प्रशिक्षणाचे, आपली शिकलेली मुले तिथे जाऊ शकतात. ज्यांनी स्टार्टअप म्हणून सरकारमान्य नोंदणी केली आहे त्यांच्यासाठी २०१६ साली एक योजना निघाली, तीत अर्ज लिहिणाऱ्याचा मेहनताना सरकार देते. तिची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आहे, म्हणून अर्जापूर्वी विचारून घ्यावे. कोणाचे बियाण्याचे काम असेल तर पेटंटच्या नादी न लागता वाणाची नोंद करावी, शेतकऱ्याला त्यात फी माफ आहे. नुसता आकार किंवा नक्षी नवी असेल, जसे आपल्या चांदीच्या बाजारात होते, तर डिझाइनची नोंद करावी, व्यक्तीला १००० रुपये फी. आजीबाईच्या औषधाला, शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. त्यावर पैसे खर्च करू नयेत.

आणि हेही सांगून ठेवतो की पेटंट म्हणजे पैसा नव्हे. कापसाच्या जिनचे पेटंट अमेरिकेत एलाय व्हिटनीने १७९४ साली घेतले. त्याच्या नकला गावोगाव झाल्या आणि कोर्टकचेरीत त्याची कमाई गेली. आपल्या भाऊंच्या यंत्राची कोणी नक्कल केली तर दावा लावायला पैसे लागतीलच. तिथे पुन्हा ते कलम १२ कामी येईल, आणि कदाचित तेवढेही पुरणार नाही. अमेरिकेत २०११ पासून गरीब शोधकांना फुकट काम करणारे पेटंट वकील गाठून देण्याची व्यवस्था त्यांच्या पेटंट कार्यालयाच्या पुढाकाराने झाली. आपल्या पुण्या-मुंबई-नागपूरकडे आज आपली कितीतरी मुले इंजिनिअर आणि वकील आहेत. त्यांच्यातील पाच-सात जणांनी पेटंट एजंटची परीक्षा देऊन वर्षाला एकेक अर्ज फुकट लिहून दिला तर विदर्भातल्या वेल्डिंगच्या दुकानांना केवढा आधार होईल! जयंतीच्या वर्गणीत ते भरपूर देतात, त्याबद्दल तक्रार नाही.

भाऊंची पक्की मुदत येत्या ऑगस्टात संपते. नकाशे निम्मे झाले आहेत. दावे लिहायचे आहेत, आणि तेच सर्वांत अवघड. एक शब्द जास्त पडला की हक्क आकसतो, कमी पडला की तपासणीत आक्षेप येतो. आक्षेप आले तर उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. ज्या वाचकांना हे काम येते त्यांनी साप्ताहिकाच्या पत्त्यावर आम्हाला लिहावे. मानधन देऊ शकत नाही. चहा आणि भाऊंच्या घरची भाकर मिळेल.

आणि ज्यांच्या घरात असे काही खटपट केलेले पडून आहे, कडबा कापायचे, पाणी ओढायचे, शिलाईचे, काहीही, त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी विहाराशेजारच्या वाचनालयात यावे. येताना वस्तू आणू नये, फोटो आणू नये, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच पाठवू नये. फक्त एक वही आणावी, आणि वस्तू केव्हा केली, कोणी कोणी हात लावला, कोणाकोणाला दाखविली, एवढे आठवून यावे.